एक्केचाळिसावं नाव

सिनिया आर्गेदासला नोकरीत आजवर एकदाच शाबासकी मिळाली होती. तीही लिहिण्याबद्दल नाही, खोडण्याबद्दल! गेल्या शुक्रवारी तिनं पाऊण पानाचा मजकूर कापून तीन ओळींवर आणला आणि ओल्मानसाहेबांनी सगळ्या मजल्यासमोर टाळ्या वाजवल्या. "शिका जरा हिच्याकडून. निम्मा खर्च वाचवलान बयेनं!" सिनियानं मान खाली घातली आणि मनातल्या मनात फुगून घेतलं. माणसाला कौतुक कधी महागात पडेल ते कौतुक होताना कळत नाही.

एरेदिया शहरातल्या त्या ऑफिसच्या चौथ्या मजल्यावरून डोंगरातल्या सरकारी दवाखान्यांचे निरोप रुग्णांपर्यंत पोचायचे. तपासणीची तारीख, रक्ताचा अहवाल, असलं सगळं. पूर्वी फोनवर बसलेल्या बाया हे करायच्या, आता एआय एजंट करायचे. एजंट म्हणजे तरी काय, हुकुमाचा ताबेदार असा एक प्रोग्राम. त्याच्या हाताशी काही टूल्स दिलेली. एक मेसेज पाठवायचं, एक भाषांतराचं, आणि सगळ्यांच्या आधी लागणारं म्हणजे देशभरच्या रुग्णांच्या नोंदवहीतून माणूस हुडकून काढायचं, युजर सर्च. हे टूल कसं वापरायचं याचं माहितीपत्रक एजंट दर वेळी पहिल्यापासून वाचतो आणि मग हात हलवतो. ते माहितीपत्रक लिहायची सिनिया. तिचं लिखाण वाचणारा एकही माणूस जगात नव्हता. आईला हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली होती, "मग पगार कोण देतं तुला, यंत्र?"

माणसासाठी लिहिणं सोपं असतं. माणूस अर्धं वाचतो, उरलेलं शहाणपणानं भरून काढतो. एजंटचं तसं नाही. लिहिलंय तेवढंच खरं, नाही लिहिलं ते जगातच नाही. म्हणून तिचा पहिला खर्डा लांबलचक झाला होता. त्यावर ओल्मान करवादला, "अगं, तो हे पुराण दिवसातून चाळीस हजार वेळा वाचतो! प्रत्येक शब्दाला पैसे पडतात. काप." आणि तिनं कापलं.

त्या मंगळवारी दुपारी बारा वाजता आल्तो ग्वायाबालच्या दवाखान्यातून निरोप आला. तिथल्या औषधवाटपाच्या मारिएलोसबाईंनी सकाळी हृदयाच्या गोळ्या वाटल्या होत्या, आणि उरलेल्या डब्या आवरताना त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. खोक्यावर नाव तेच, रंग तोच, पण गोळी दहापट ताकदीची. एक जरी पोटात गेली तरी म्हाताऱ्या माणसाचं हृदय बंद पडायला तेवढी पुरे. एक्केचाळीस जणांना डब्या गेलेल्या. त्यातल्या त्यात बरं एवढंच, की त्या गावात ही गोळी सगळे दुपारी तीनच्या कॉफीबरोबर घेतात. मारिएलोसबाईंनीच ती सवय लावलेली. म्हातारी माणसं जेवण विसरतील, देवाला विसरतील, तीनची कॉफी विसरायची नाहीत. म्हणजे तीनपर्यंत वेळ होता.

बाईंच्या वहीच्या पानाचा फोटो आला. एक्केचाळीस नावं, सुवाच्य अक्षरात, पुढे एकाचाही ओळखपत्राचा नंबर नाही. "मी सगळ्यांना ओळखते," असं त्या म्हणाल्या म्हणे. एजंट कामाला लागला. नाव घे, नोंदवहीत शोध, निरोप धाड, 'समजलं' असं बटण दाबून पोचपावती येईपर्यंत पिच्छा सोडू नको. सव्वाला पडद्यावर एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस हिरव्या खुणा लागल्या. मजल्यावर एकच जल्लोष झाला. कुणीतरी अननसाच्या वड्या आणल्या.

दोन वाजता आरोग्य खात्याची पाहुणी आली. ते आधीच ठरलेलं होतं, पण ओल्मानला म्हणजे लग्नघरात सोन्याची नाणी सापडल्यासारखं झालं. काचेच्या खोलीत मोठ्या पडद्यावर त्या हिरव्या खुणा लावून तो तिला समजावून सांगत होता. त्याचा आवाज काचेतून बाहेर येत होता.

सिनियाला एक खोड होती. आपलं लिखाण एजंटनं कसं वापरलं, ते ती नंतर ओळ न् ओळ वाचायची. तेवढाच तिचा वाचक, त्याचं मन बघायचं तर दुसरा मार्ग नव्हता. अननसाची वडी खात ती एकेक ओळ खाली सरकवत होती. सत्ताविसाव्या ओळीवर तिचा हात थांबला.

रफाएल सोलानो. एकच निकाल मिळाला. निरोप पाठवला. पोचपावती आली.

सगळं बरोबर. फक्त वय एकतीस. राहणार समुद्रकाठी, आल्तो ग्वायाबालपासून पाच तासांवर.

"आनिया," ती शेजारच्या टेबलाकडे वळली. आनियानंच ते शोधाचं टूल बांधलेलं, पन्नाशीची, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारी बाई. "एकतीस वर्षांच्या पोराला म्हाताऱ्यांची हृदयाची गोळी कशाला गं?"

"असेल एखाद्याचं हृदय नाजूक. प्रेमात पडला असेल."

"आनिया, चेष्टा नको. हा समुद्रावर राहतो. सकाळी डोंगरात औषध घ्यायला कसा येईल?"

आनियाचा चष्मा कपाळावरून नाकावर आला. तिनं ओळ वाचली, फोन उचलला आणि त्या पोराचा नंबर फिरवला. पोरगा पहिल्याच रिंगला बोलला. मागे लाटांचा आणि कसल्याशा गाण्याचा आवाज.

"हो, आला होता ना मेसेज. कसलं तरी औषध घेऊ नका म्हणून."

"तुम्ही कुठलं औषध घेता?"

"मी? मी कुठलंच नाही."

"मग 'समजलं' कशाला दाबलंत?"

"अहो बाई, एवढं कळकळीनं लिहिलं होतं, नाही कसं म्हणायचं? समजलं मला. घेत नाही मी." पोरगा मनापासून बोलत होता. "काही चुकलं का?"

आनियानं फोन ठेवला. आपल्या लोकांची ही एक रीत. तोंडावर नाही म्हणायचं नाही, समोरच्याचं मन मोडायचं नाही, मग त्यात कुणाचा जीव का जाईना! भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून बावीस मिनिटं झाली होती.

"मग खरा रफाएल सोलानो कुठाय?" आनिया म्हणाली. "त्या गावचा नोंदवहीत असलाच पाहिजे. गोळ्या नेतोय म्हणजे नोंद आहेच. मग टूलला का नाही सापडला?"

सिनियाला उत्तर ठाऊक होतं. हातातली वडी तिनं कागदावर ठेवली.

आपल्या ओळखपत्रावर दोन नावं असू शकतात. एक नोंदीचं. आजीनं किंवा पाद्र्यानं त्या दिवसाच्या संताचं कॅलेंडरमधून उचलून दिलेलं. आणि त्याखाली 'या नावाने परिचित' असा एक रकाना, तिथं ते नाव ज्यानं आई हाक मारते, शेजारी हाक मारतात, आणि शेवटी मयताच्या पाटीवरही तेच लागतं. शोधाचं टूल आपण होऊन त्या रकान्यात बघत नसे. आनियानं एक खटका ठेवला होता, तो चालू केला तरच. शोध त्यानं थोडा हळू व्हायचा म्हणून.

पहिल्या खर्ड्यात सिनियानं यावर चार ओळी लिहिल्या होत्या. खटका कधी चालू करायचा, एकाच नावाची माणसं आली तर वय आणि गाव ताडून बघायचं, शंका आली तर माणसाला विचारायचं, आपल्या मनानं पुढे जायचं नाही. त्या चार ओळी शुक्रवारी गेल्या. ओल्मान फक्त 'काप' म्हणाला होता, काय कापायचं ते त्यानं सांगितलं नव्हतं. ते तिनं ठरवलं. आणि का ठरवलं, तेही तिला पक्कं ठाऊक होतं. 'असली नावं आता उरलीत कुणाची?' असं तिनं स्वतःशी म्हटलं होतं.

तिचं स्वतःचं उरलं होतं. तिच्या ओळखपत्रावर सिनिया हे नाव खालच्या रकान्यात होतं. वरचं नाव या मजल्यावर कुणाला माहीत नव्हतं. शाळेत त्या नावावरून पोरांनी तिला इतकं छळलं होतं, की ती कार्ड दाखवताना अजूनही अंगठा त्यावर ठेवायची. झाकली मूठ ठेवायला गेली आणि एक म्हातारा त्या मुठीत सापडला.

"खटका," ती म्हणाली. "मी खटक्याच्या ओळी काढून टाकल्या."

आनियानं एक शिवी हासडली, ती सिनियाला होती की ओल्मानला ते कळलं नाही. सिनियानं स्वतःच शोध चालवला. नाव रफाएल सोलानो, गाव आल्तो ग्वायाबाल, खटका चालू. पडद्यावर चाक फिरत राहिलं. चार सेकंद. या चार सेकंदांच्या बचतीपायी!

एकच नोंद आली. एर्मोहेनेस सोलानो ब्रेनेस, रफाएल या नावाने परिचित. वय अठ्ठ्याहत्तर. एकटे राहतात. पत्ता: जुन्या उंबरापासून दोनशे मीटर वर, निळं घर. घरचा फोन. मोबाइल नाही.

दोन वाजून एकोणतीस.

ती उठली आणि सरळ काचेच्या खोलीत घुसली. ओल्मान बोलता बोलता थांबला, चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून त्यानं भुवया उंचावल्या.

"साहेब, एक खूण खोटी आहे. एक्केचाळीस नाहीत, चाळीसच झालेत."

"सिनिया, आपण नंतर बोलू हं."

"नंतर म्हणजे तीननंतर. तीनला तो माणूस गोळी घेणार."

पाहुणीनं पेन खाली ठेवलं. ओल्मानचं हसू गळालं. तिनं दोन वाक्यांत सांगितलं, स्वतःला वगळलं नाही. "माहितीपत्रकातला तो भाग मी कापला. एजंटची चूक नाही."

"ठीक आहे, ठीक आहे, मग एजंटला परत चालव," ओल्मान घाईनं म्हणाला. "बरोबर नाव देऊन. आपण रुग्णाला थेट फोन करायचा नाही, करारात स्पष्ट लिहिलंय. खाजगी माहितीचा प्रश्न आहे."

"अहो, एजंट मेसेज पाठवतो! त्या माणसाकडे मोबाइल नाही!"

"म्हणून काय कुणीही उठून—"

"बाई," पाहुणी मधेच म्हणाली. ती बुटकी, पांढऱ्या केसांची, आतापर्यंत फारशी बोललीच नव्हती. "तुम्ही फोन लावा. कराराचं मी बघते."

टेबलावरच्या फोनवरूनच सिनियानं नंबर फिरवला. स्पीकर सुरू होता, बंद करायचं कुणाला सुचलं नाही. सहा वेळा वाजला. मग एक खणखणीत म्हातारा आवाज आला.

"कोण?"

"नमस्कार, एर्मोहेनेस सोलानो ब्रेनेस बोलताहेत का?"

"कुठल्या तुरुंगातून बोलतेस गं?" म्हातारा म्हणाला आणि फोन आपटला.

ओल्मानला कळेना. आनियाला कळलं. "फसवणारे," ती दारातून म्हणाली. "तुरुंगात बसून कार्डावरचं नाव घेऊन फोन करतात, बँकेतून बोलतोय म्हणून सांगतात. माझ्या आईला महिन्यातून चार येतात. त्याला एर्मोहेनेस म्हणून हाक मारणारं दुसरं आहे कोण? सरकार नाहीतर चोर."

सिनियानं परत लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. दोन पस्तीस झाले.

"तो दवाखाना लाव," पाहुणी आनियाला म्हणाली.

दवाखान्याची एकच लाइन, तीही घाबरलेल्या रुग्णांच्या फोनांनी दुपारपासून अडलेली. चौथ्या खेपेला मारिएलोसबाई सापडल्या. दम लागलेला आवाज.

"रफाएल? फायो सोलानो? पोचला ना त्याला निरोप? तुमच्या यंत्रानं तर हिरवं दाखवलं!"

"नाही पोचला, बाई," आनिया म्हणाली. "चुकीच्या माणसाला गेला."

"अरे देवा! अरे माझ्या देवा!" खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "त्याचा नंबर नाही गं माझ्याकडे, मला नंबर कशाला लागतोय, रोज दिसतो. चढावर राहतो तो. माझे गुडघे... मी निघते, पण मला पाऊण तास लागेल."

"दुसरं कुणी जाऊ शकेल?"

"आज कॉफीतोडणीचा शेवटचा दिवस, गाव सगळं मळ्यात आहे. मी निघते. तुम्ही फोन करत राहा. आणि हे बघा, तो घड्याळाचा फार पक्का आहे. तीन म्हणजे तीन."

बाईंनी फोन तसाच टाकून दिला असावा, कारण दार आपटल्याचा आवाजही ऐकू आला.

सिनियानं पुन्हा तो नंबर फिरवला. आता तिच्या बोटांना तो पाठ झाला होता. वाजत राहिला. तिनं ठेवला नाही. तिच्या डोळ्यांसमोर ते निळं घर होतं, कधी न पाहिलेलं. चुलीवर पाणी ठेवलं असेल, कापडी गाळणी अडकवली असेल, आणि टेबलावर ती डबी. दोन शेहेचाळीसला म्हाताऱ्यानं शेवटी फोन उचलला, तो भांडण्यासाठीच.

"परत तूच! लाज नाही वाटत? माझ्या खात्यात काही नाही! कोंबड्या विकून खातो मी!"

"रफाएलआजोबा, फोन ठेवू नका, सकाळी तुम्हाला दवाखान्यातून जी गोळी—"

"आता रफाएल! मघाशी एर्मोहेनेस, आता रफाएल! अख्खं कार्ड दिसतंय तुझ्यासमोर. पुढे काय, बापाचं नाव? दवाखान्याचंही कळलं तुम्हाला? वा! मग आता सांगशील, गोळी परत द्या, त्यासाठी बँकेचा नंबर द्या!"

"नाही, काही देऊ नका, फक्त ती गोळी घेऊ नका!"

"माझी गोळी मी घेणार! दोन वर्षांपूर्वी असाच फोन आला होता माझ्या बहिणीला. 'तुमचं औषध बदललंय' म्हणाले. तिची पेन्शन गेली आणि वर औषध चुकलं म्हणून ती इस्पितळात पडली. आम्ही डोंगरातले, पण खुळे नाही!"

मागे चमचा कपाला लागल्याचा आवाज झाला. ओल्मान खुर्चीत पुढे सरकला. पाहुणीनं हात जोडून तोंडाशी धरले होते. सिनियाला कळून चुकलं, की या माणसाबद्दल तिला माहीत असलेली प्रत्येक गोष्ट तिच्या विरुद्ध जातेय. जितकं जास्त सांगावं तितकी ती चोर ठरत होती. त्याचं नाव, गाव, औषध, सगळं कार्डात आणि नोंदवहीत, आणि चोराच्याही हाती तेच असतं. चोराकडे नसतं ते फक्त एक. चोर स्वतःचं खरं नाव सांगत नाही.

तिनं काचेतून बाहेर बघितलं. मजला सगळा उभा राहून ऐकत होता.

"आजोबा," ती म्हणाली, "माझं कार्डावरचं नाव एदुविहेस आहे."

या वेळी फोन आपटला गेला नाही.

"एदुविहेस आर्गेदास काम्पोस. सिनिया मला आई म्हणते. आजीनं नवस बोलला होता, तिनं कॅलेंडर बघून ठेवलं. शाळेत पोरं मला म्हातारी म्हणायची. मी कुणाला सांगत नाही. इथं माझ्या ऑफिसात आत्ता वीस माणसं ऐकताहेत, त्यांनाही आजच कळतंय."

कुणी हसलं नाही. म्हाताऱ्याचा श्वास स्पीकरवर घरघरत होता.

"एदुविहेस," तो सावकाश म्हणाला. "कधीचा जन्म तुझा?"

"ऑक्टोबरचा."

"तारीख?"

"सतरा."

"आता सोळाला करतात तो सण."

"आजीचं कॅलेंडर जुनं होतं. त्यात सतराच होती. आई म्हणते, आजीनं नवं कधी घेतलंच नाही."

"हं." मोठा सुस्कारा. "माझ्या आईचंही जुनंच होतं. सतराच बरोबर. ही नवी लोकं संतांच्यासुद्धा बदल्या करतात." मग आवाज एकदम खाली आला. "माझ्या वेळी एप्रिलात आणखी दोन संत होते त्या दिवशी. पाद्र्यानं नेमकं एर्मोहेनेस काढलं. आईनं चर्चच्या पायरीवरच सांगितलं, याला मी रफाएल म्हणणार. बोल मुली. काय झालंय गोळीचं?"

तिनं सांगितलं. थोडक्यात, सरळ, एकदाच. खोकं चुकलं, दहापट ताकद, एकही नको. मारिएलोसबाई चालत वर येताहेत.

"मारिएलोस? त्या गुडघ्यांनी?" तो खरोखर चिडला. "तिला कुणी सांगितलं चढायला!"

"आजोबा, गोळी कुठे आहे?"

"बशीत. कपाशेजारी. मघाशीच काढून ठेवली होती." खुर्ची सरकली, पावलं लांब गेली, परत आली. "आता डबीत टाकली. डबी उंच फळीवर ठेवली. कॉफी तरी घेऊ ना मी?"

"घ्या," सिनिया म्हणाली आणि तिचा बांध फुटला. हुंदका आला तो थेट स्पीकरसमोर. "घ्या आजोबा, पोटभर घ्या."

"रडतेस कशाला? मी जिवंत आहे. आणि हे बघ, नाव वाईट नाही तुझं. माझ्यापेक्षा बरंच आहे."

फोन ठेवला तेव्हा तीनला चार मिनिटं कमी होती. ओल्माननं उठून स्वतःच्या हातानं मोठ्या पडद्यावरची सत्ताविसावी खूण पुसली आणि पाहुणीला म्हणाला, "ही चूक एकटीची नाही. शब्द मोजायला मीच लावले." पाहुणी म्हणाली, "ते मी लिहून घेतलंय." तिनं हे कठोरपणानं म्हटलं की मायेनं, ते कुणालाच सांगता आलं नसतं.

साडेतीनला आल्तो ग्वायाबालहून फोन आला. मारिएलोसबाई निळ्या घरात पाय गरम पाण्यात बुडवून बसल्या होत्या, फायोनं त्यांना कॉफी दिली होती, डबी त्यांच्या पिशवीत होती. मागून म्हातारा काहीतरी ओरडून सांगत होता. "तो विचारतोय, एदुविहेस कशी आहे," बाई म्हणाल्या. "कोण गं ही एदुविहेस?"

"मी," सिनिया म्हणाली.

संध्याकाळपर्यंत ती माहितीपत्रक लिहीत बसली. कुणी तिच्या टेबलाशी चेष्टेला आलं नाही. फक्त आनिया जाता जाता कॉफी ठेवून गेली आणि म्हणाली, "खटका आता कायमचा चालू केलाय मी. जाऊ दे चार सेकंद. तुझं किती झालं?"

"पाऊण पान."

"ओल्मान काही म्हणाला?"

"म्हणाला, लिही."

चार ओळी परत आल्या, आणखी चार वाढल्या. पोचपावती आली म्हणजे योग्य माणूस सापडला असं समजू नये. वय, गाव आणि औषध जुळतंय का ते आधी बघावं. जुळत नसेल तर थांबावं आणि माणसाला विचारावं. शेवटी उदाहरण द्यावं लागतं. उदाहरण नसलं की एजंट वाक्याचा काय वाट्टेल तो अर्थ लावतो. उदाहरणासाठी आपण सगळे खोटी नावं वापरतो. सिनियानं स्वतःचं खरं नाव लिहिलं, वरचं आणि खालचंही.

नियमाप्रमाणे नवं माहितीपत्रक एकदा चालवून बघावं लागतं. तिनं एजंटला सांगितलं, सिनिया आर्गेदासला शोध आणि तिला निरोप दे, की आजचं काम संपलं. एजंटनं पाऊण पान पहिल्यापासून वाचलं. चाक फिरलं. या वेळी त्यानं निरोप धाडला नाही, हिरवी खूण केली नाही. पडद्यावर प्रश्न आला.

'एदुविहेस आर्गेदास काम्पोस, सिनिया या नावाने परिचित, अशी एक नोंद मिळाली आहे. तुम्हाला हीच व्यक्ती अपेक्षित आहे का?'

तिनं टाइप केलं, "हो. मीच ती."